'तुमच्याकडे काय म्हणतात?': एका ब्रीदवाक्याचं प्रकरण

आमच्या समूहाचं ब्रीदवाक्य आता 'तुमच्याकडे काय म्हणतात?' असं आहे. तीन शब्द आणि एक प्रश्नचिन्ह. एवढं ठरायला सात महिने लागले. मधल्या काळात दोघं जण रागावून बाहेर पडले, त्यातले एक परत आले. एका कार्यक्रमात आमची जाहीर फजिती झाली, तीही माझ्यामुळे. बडोद्यातल्या आणि बाहेरच्याही काही मंडळींनी विचारलं की हे वाक्य कुठून काढलंत, म्हणून सगळं प्रकरण लिहून ठेवते आहे.

समूह कसा जमला

2020 च्या टाळेबंदीत बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुरा, घडियाळी पोळ अशा भागांतली दहाबारा मराठी घरं फोनवर एकत्र आली. तेव्हा भाषेचं कुणाच्या मनातही नव्हतं. दूध कुठे मिळतं, औषधाचं दुकान किती वाजता उघडतं, एवढाच विषय. एक दिवस माझ्या जावेनं करपलेल्या भांड्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "तपेली गेली कामातून." तिची पुण्याची नणंदही समूहात होती. तिनं विचारलं, "तपेली म्हणजे? हे तर पातेलं." ठाण्याहून कुणी म्हणालं टोप. नागपूरच्या ताई म्हणाल्या, आमच्याकडे गंज. लातूरकडचे एक गृहस्थ म्हणाले भगुनं. इंदूरच्या मामींनी सांगितलं की त्यांच्याकडे भगोना चालतो. रात्री अकरापर्यंत तेच चाललं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी फरशी पुसण्याचा विषय काढला. आमच्या घरी 'पोतं मारलं का?' असं सर्रास विचारतात. गुजरातीतलं 'पोतुं' आमच्याकडे येऊन पोतं झालं. पुण्याच्या नणंदेला वाटलं, आम्ही गव्हाच्या पोत्याला मारतो.

असं करत चार वर्षांत समूह दीडशेच्या आसपास गेला. दर रविवारी रात्री नऊला पडद्यावर भेटायचं, एक शब्द घ्यायचा आणि तासभर कुटायचा, हा नेम पडला. समूहाला नावही आहे, पण ते फार गुळगुळीत आहे, इथे देत नाही.

ब्रीद हवं कशाला

3 ऑक्टोबर 2024 ला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या आठवड्यात समूहाला उधाण आलं होतं. त्याच भरात एक काका म्हणाले, "आता आपल्यालाही ब्रीदवाक्य हवं." सगळ्यांनी होकाराचे अंगठे टाकले. काम माझ्याकडे आलं, कारण माझ्याकडे यादी ठेवायची वही होती. घरच्या लग्नात वहीवाल्या माणसाच्या गळ्यात काय काय पडतं ते ठाऊक असूनही मी हो म्हटलं.

पहिली चूक तिथेच झाली. मी लिहिलं, "प्रत्येकानं एक वाक्य सुचवा, मग मत घेऊ." चौतीस वाक्यं आली. मत घेतलं तर सर्वाधिक पडलेल्या वाक्यालाही एकूण मतांच्या पाव भागाहून कमी मतं होती. म्हणजे कोणतंही वाक्य ठेवलं तरी बहुतेकांना ते नकोसंच वाटणार होतं.

चौतीस वाक्यं वहीत उतरवताना एक गोष्ट दिसली. निम्म्याहून जास्त वाक्यं मराठी किती थोर, किती गोड, किती जुनी, हे सांगत होती. वाचणाऱ्यानं करायचं काय, याचा पत्ता नव्हता. मराठीत यासाठी तीन वेगळे शब्द आहेत आणि आपण ते एकाच डब्यात भरतो. घोषवाक्य दुसऱ्याला ऐकवायचं असतं. बोधवाक्य शिकवतं. ब्रीद स्वतःला बांधून घेतं. संतांच्या वाणीत 'ब्रीदाचा तोडर' येतो, म्हणजे पायात घालायचा दागिना. पाऊल टाकलं की वाजणार. ब्रीद राखावं लागतं आणि मोडलं तर चारचौघांत कळतं. आमच्या चौतिसांपैकी तिसाहून जास्त वाक्यं घोषवाक्यं होती. वाजवायची, पण दुसऱ्याच्या कानाशी.

अमृताची पैज

सर्वाधिक मतं ज्ञानेश्वरांना होती, हे वेगळं सांगायला नको. 'अमृतातेंही पैजां जिंके'. हरकत घेणं अवघडच. तरी मी घेतली. एक तर ही ओळ शाळांच्या भिंतींवर, पत्रिकांवर, साड्यांच्या दुकानात, सगळीकडे आहे. आमची म्हणून ती कुणाला ओळखू येणार? पण खरी अडचण दुसरी होती. सहाव्या अध्यायातली ती ओवी पूर्ण वाचली तर शेवट असा आहे: 'ऐसीं अक्षरें रसिकें । मेळवीन ॥'. 'मेळवीन' हे क्रियापद प्रथमपुरुषी, भविष्यकाळी आहे. अशी अक्षरं मी जुळवीन, असं ज्ञानदेव स्वतःवर घेतात. पैज त्यांनी लावली आणि ती जिंकायची जबाबदारीही त्यांच्यावरच. आपण फुशारकीचा अर्धा भाग उचलतो आणि कष्टाचा अर्धा भाग ग्रंथातच ठेवतो. ओवीतलं ब्रीद म्हणाल तर 'मेळवीन' या एका शब्दात आहे.

रविवारी मी हे मांडलं तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. मग नागपूरच्या ताई म्हणाल्या, "मग 'मेळवीन' एवढंच ठेवा ना." ते मला अजूनही आवडतं. पण नव्या माणसाला त्याचा अर्थ लागला नसता, आणि पहिल्याच दिवशी अर्थ समजावत बसायचं तर ब्रीद कशाला?

सरांची संस्कृत

समूहातले सर निवृत्त शिक्षक. त्यांनी तीन संस्कृत वाक्यं दिली आणि तिन्हीला मतं पडली नाहीत म्हणून ते दुखावले. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. आयुर्विम्याचं 'योगक्षेमं वहाम्यहम्', महाराष्ट्र पोलिसांचं 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय', आमच्या सयाजीराव विद्यापीठाचं 'सत्यं शिवं सुन्दरम्'. एसटीसुद्धा 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' म्हणते. संस्कृत कुणा एका गावाची नाही, त्यामुळे पुणेरी की वऱ्हाडी हा वाद उरत नाही, असं सरांचं गणित होतं. यावर सरांच्याच सूनबाई म्हणाल्या, "बाबा, पण मराठीप्रेमींचं ब्रीद मराठीत नसावं, हे लोकांना कसं सांगायचं?" सरांनी त्या रात्री समूह सोडला. परत आलेले ते हेच.

माधव जूलियन आणि एक बेन

दुसऱ्या क्रमांकावर होती 'मराठी असे आमुची मायबोली'. इथे मला बडोदेकर म्हणून मोह झाला, हे कबूल करते. माधव त्र्यंबक पटवर्धन ऊर्फ माधव जूलियन यांचा जन्म बडोद्यातलाच, 1894 सालचा. आणि त्या ओळीचा पुढचा भाग आहे 'जरी आज ही राजभाषा नसे'. 1 मे 1960 नंतर महाराष्ट्रात तो भाग शिळा झाला, पण बडोद्यात तो आजही जसाच्या तसा खरा आहे. आमच्याइतकी ती ओळ म्हणण्याचा हक्क आणखी कुणाला आहे?

बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी या ओळीचा ध्वज केला. त्यांना भाषाशुद्धीची आच आहे. त्यांचा आग्रह होता की माधव जूलियनांचं ब्रीद घ्यायचं तर 'तपेली', 'पोतं' असले परके शब्द समूहातून काढायला हवेत, कारण जूलियन भाषाशुद्धीचे कैवारी होते. ते खरंच तसे होते. पण ज्या माणसानं 1925 मध्ये फार्शी-मराठी कोश केला, मराठीत गझल रुजवली, उमर खय्याम आणला, तोच माणूस पुढे भाषाशुद्धीवर लिहू लागला. एकाच माणसात दोन्ही नांदत होतं. काकांना त्यातलं एकच हवं होतं. मी हे बोलून दाखवलं, आणि बहुधा नको तितक्या जोरानं.

पण ओळ पडली ती वेगळ्याच कारणानं. समूहात एक गुजराती बेन आहेत. मराठी घरात लग्न होऊन आल्या, त्याला पंचवीस वर्षं झाली. मराठी वाचतात, सासूबाईंच्या ओव्या त्यांना आमच्यापेक्षा जास्त पाठ आहेत. त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "माझी मायबोली गुजराती. हे वाक्य मी म्हणू की तेवढ्यापुरती गप्प बसू?" 'आमुची' या शब्दात आपण दीडशे जण बसतो असं आम्ही धरून चाललो होतो. मोजल्यावर एकशे एकोणपन्नासच भरले.

काका त्या आठवड्यात समूह सोडून गेले. मी दोनदा फोन केला. ते नीट बोलले, चहाला या म्हणाले, पण समूहात परतले नाहीत.

दोन ब्रीदं, दोन्ही बडोद्याशी जोडलेली

डिसेंबरात मी मतं घेणं थांबवलं आणि चांगलं ब्रीद कसं असतं ते पाहायला बसले. लांब जावं लागलं नाही. गायकवाडांच्या राजचिन्हावर होतं 'जिन घर जिन तख्त'. खोगीर हेच घर, खोगीर हेच सिंहासन. चार शब्द, क्रियापद एकही नाही. 'जीन' आणि 'तख्त' फारसी, मधलं 'घर' आपलं, आणि कुणाला खटकत नाही. शौर्य, पराक्रम, कीर्ती यांतला एकही शब्द त्यात नाही. कसं जगायचं तेवढं सांगितलं आहे: घोड्यावरून उतरू नका. पुढे त्याच घराण्यातले सयाजीराव घोड्यावर कमी आणि ग्रंथालयात जास्त रमले, तो भाग निराळा.

दुसरं उदाहरण समूहातल्या एका तरुणानं आणलं. डॉ. आंबेडकर 1917 च्या सप्टेंबरात नोकरीसाठी बडोद्याला आले. शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही, आणि कमाटी बागेत झाडाखाली बसायची वेळ आली. ती जागा आज संकल्प भूमी म्हणून ओळखली जाते. 31 जानेवारी 1920 ला त्यांनी 'मूकनायक' काढला, तेव्हा माथ्यावर तुकोबांचा अभंग घातला: 'काय करूं आतां धरूनिया भीड । निःशंक हे तोंड वाजविलें ॥'. ज्याला या शहरात कुणी दार उघडलं नाही, त्यानं निवडलेलं हे वाक्य. त्यात भाषेची स्तुती नाही. तोंड उघडायचं, भीड सोडायची, एवढंच. पत्राचं नाव आणि ती ओळ एकमेकांना उत्तर देतात. मुक्यांचा नायक, आणि त्याच्या डोक्यावर वाजणारं तोंड.

तरुणाचा प्रस्ताव होता की 'निःशंक हे तोंड वाजविलें' आपणच घ्यावं. नागपूरच्या ताईंनी नको म्हटलं. "त्यांनी ते किंमत मोजून घेतलं होतं. आपण रविवारी जेवून-खाऊन, पाय पसरून बसतो. आपल्याला ते सजणार नाही." तरुणाला ते पटलं, मलाही. दुसऱ्याचं ब्रीद उसनं घेता येत नाही, त्यासाठी त्याची लढाईही उसनी घ्यावी लागते.

फजिती

27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाच्या एका कार्यक्रमात आमच्या समूहाला दहा मिनिटं मिळाली होती. मागे लावायला फ्लेक्स हवा होता. छापणाऱ्याला मी फोनवर मजकूर पाठवला: समूहाचं नाव, तारीख, आणि शेवटची ओळ 'ब्रीदवाक्य नंतर कळवते'. पुढे काय झालं ते कळलंच असेल. पाच फूट बाय आठ फूट, मोगऱ्याच्या फुलांची नक्षी, आणि मधोमध तांबड्या अक्षरांत 'ब्रीदवाक्य नंतर कळवते'. त्या बिचाऱ्याचा दोष नव्हता, त्यानं काना-मात्राही चुकवली नव्हती. मंचावर गेल्यावरच ते दिसलं. पहिल्या रांगेतल्या एक आजी शेजारणीला म्हणाल्या, "बाई, हे छान आहे हो. खरं तरी आहे."

हसून झाल्यावर वाटलं, चौतीस वाक्यांनंतर लोकांना मनापासून आवडलेलं हे पहिलं. कारण ते कुणी बोलतं तसं होतं.

शोध, फोनमध्येच

मार्चमध्ये एका भाच्यानं सुचवलं की लोकांना विचारण्याऐवजी चार वर्षांचे संदेश चाळू या. कुठलं वाक्य आपण पुन्हा पुन्हा म्हणतो ते तरी कळेल. फोनच्या शोधपट्टीत तो एकेक शब्द टाकत गेला. 'अमृत' फार थोड्या वेळा, तेही बहुतेक वेळा सणाच्या शुभेच्छांत. 'अभिमान' त्याहून कमी. 'म्हणतात' टाकल्यावर यादी संपेचना. तुमच्याकडे काय म्हणतात, तुमच्यात काय म्हणतात, आपल्याकडे काय म्हणतात, कोकणात काय म्हणतात, तुझी आजी काय म्हणते.

हे पुढे आल्यावर वाद मिटला असं वाटेल, पण खरी मजा इथून सुरू झाली. आता भांडण एका प्रत्ययाचं होतं.

'तुमच्यात' सगळ्यात जास्त वेळा आला होता, आणि तोच आधी बाद झाला. "तुमच्यात लग्नात काय करतात?" हा प्रश्न मराठीत कशाची चौकशी असतो ते आपल्याला ठाऊक आहे. ताईंच्या शब्दांत, "'तुमच्यात' म्हटलं की समोरच्याला आधी स्वतःचं आडनाव आठवतं." आम्ही चार वर्षं बेफिकीर वापरत आलो होतो. ज्यांना बोचत होतं ते बोलले नव्हते. या चर्चेत तिघं बोलले.

'आपल्याकडे' सरांना हवा होता (ते फेब्रुवारीतल्या फ्लेक्सवर हसायला म्हणून परत आले होते). आदरार्थी आहे, सभ्य आहे. पण 'आपण' दोन तोंडांचा. समोरच्याला मान देणारा तोच आणि सगळ्यांना पोटात घेणाराही तोच. पुण्यातल्या कानाला 'आपल्याकडे काय म्हणतात?' हा अदबीचा प्रश्न वाटेल. बडोद्याच्या कानात गुजरातीचं 'आपणे त्यां' बसलेलं आहे, त्यामुळे इथे तो 'आपल्या लोकांत काय म्हणतात' असा ऐकू येतो. विचारायचं आहे दुसऱ्याबद्दल आणि ऐकू येतं स्वतःबद्दल.

उरला 'तुमच्याकडे'. त्यावर माझ्या जावेनं बाँब टाकला: "हे सासूचं वाक्य आहे. 'तुमच्याकडे असंच करतात वाटतं?'" सगळ्या बायका हसल्या आणि सगळ्यांनी मान डोलावली. खरंच आहे, याच शब्दानं माहेर काढलं जातं. पण 'काय' लावला की सूर बदलतो. 'असंच करतात वाटतं' म्हणणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं. 'काय म्हणतात' विचारणाऱ्याला नसतं.

'म्हणता' की 'म्हणतात', यावरही एक रविवार गेला. 'म्हणता' सुटसुटीत आहे, पण त्यात समोरचा माणूस थेट पिंजऱ्यात उभा राहतो. तुम्ही असं म्हणता? 'म्हणतात' मध्ये तो नुसता साक्षीदार. शब्द त्याच्या आजीचा, गावाचा, वाड्याचा. त्याला लाजायचं कारण उरत नाही. 'पोतं मारतात' हे मी सहज सांगते, 'मी पोतं मारते' म्हणताना आजही पुण्याच्या नणंदेकडे बघते.

शेवटी तीन कसोट्या लावल्या. वाक्य फोनवर एकदाच ऐकून समोरच्याला लिहिता यावं. कुणी कुणाच्या शब्दाला हसलं तर त्या हसण्याच्या खाली ते वाक्य टाकता यावं आणि ते शोभावं. आणि बेननी ते म्हणून पाहावं. त्यांनी म्हटलं, मग लगेच गुजरातीत फिरवलं, "तमारे त्यां शुं कहेवाय?", आणि म्हणाल्या, "आ तो अमारुंय छे." हे आमचंही आहे. मत घेण्याची गरज पडली नाही.

नंतर कुणीतरी 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' ची आठवण काढली. सयाजीराव महाराजांनी 1931 मध्ये काढलेला हा कारभाराच्या शब्दांचा कोश. एका शब्दाला इंग्रजी, मराठी, गुजराती, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारसी, बंगाली अशा आठ भाषांतले पर्याय. दरबारी थाटात हाच प्रश्न, आठ घरी जाऊन विचारलेला. हे आधी आठवलं असतं तर निम्मे महिने वाचले असते का? वाटत नाही. आम्ही त्याच्या नावावरूनच आणखी एक संस्कृत ब्रीद बनवलं असतं.

त्यानंतर

एप्रिलपासून हे वाक्य समूहाच्या माथ्यावर आहे. प्रश्नचिन्ह हवं की नको यावर सर आणि भाचा अजून भांडतात. सरांच्या मते चिन्हाशिवाय ते अपूर्ण, भाच्याच्या मते चिन्हामुळे ते चौकशी अर्जासारखं दिसतं. तूर्त चिन्ह आहे. नव्या माणसाला 'स्वतःची ओळख करून द्या' असं आम्ही आता सांगत नाही. एका भांड्याचा किंवा पदार्थाचा फोटो टाकतो आणि खाली ब्रीदवाक्य. दोन जण त्यालाही काही न बोलता निघून गेले. ब्रीदामुळे सगळं सुरळीत झालं असं नाही. मेमध्ये 'कांदेपोहे' वरून झालेलं भांडण त्यानं थांबवलं नाही.

परवाच्या रविवारी तुपाचा विषय होता. लोणी कढवल्यावर तळाशी राहते ती खरवड. आम्ही बेरी म्हणतो, साखर घालून खायची. बेननी कीटुं सांगितलं. सकाळपर्यंत वहीची दोन पानं भरली. सगळ्यात शेवटी सरांचं उत्तर आलं: "आम्ही सात भावंडं. आमच्याकडे ती उरतच नसे, त्यामुळे नाव पडलं नाही."